नर्स व्हायचे, पण कोणत्या वाटेने?

विठ्ठलवाडीतील दहावीची एखादी मुलगी ‘मला नर्स व्हायचंय’ म्हणाली, तर आज त्यात कोणाला नवल वाटत नाही. शतकापूर्वी मात्र रात्रपाळी, परपुरुषाची शुश्रूषा आणि विटाळ यांमुळे ‘भल्या घरच्या’ स्त्रीने हे काम करू नये, अशी समजूत होती.

रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले आणि तेथील स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, ससून रुग्णालयात हे शिक्षण मिळवून दिले. औषधाची मात्रा मोजायची, तापाचा तक्ता भरायचा, तर आधी लिहिता-वाचता यायला हवे. सेवासदनाचे प्रौढ स्त्रियांसाठीचे वर्ग इथे कामी आले. पुढे १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन होऊन देशभर समान दर्जाची व्यवस्था झाली.

आज तीन मुख्य वाटा आहेत: एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार. पहिल्या दोहोंना बारावीची कोणतीही शाखा चालते. पदवीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र लागते. म्हणजे पदवीची वाट दहावीनंतर शाखा निवडतानाच उघडते किंवा बंद होते. विद्यार्थिनीला हे वेळेवर कोण सांगणार? बहुधा तिचे शिक्षकच.