केसभर फटीचा इतिहास

किल्ली कुलपात जाते, पण फिरत नाही. किंवा फिरते, पण दार काही लागत नाही. पावसाळ्यात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मग आपण किल्ली जोराने पिळतो, हाताशी असेल ते तेल ओततो, दाराला खांदा देतो आणि अखेर किल्लीवाल्याला बोलावतो. कुलपाच्या आत काय असते हे पाहण्याची सवय मात्र आपल्याला नसते. गंमत अशी, की आत काय असते हे लोकांना सांगावे की नाही, याच प्रश्नावर १८५१ साली लंडनमध्ये मोठा वाद झाला होता. आपल्या दाराच्या तक्रारीचे उत्तरही त्याच वादात दडलेले आहे.

'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'वरून आला. आपल्या तोंडी त्यातली अक्षरे उलटसुलट झाली. वस्तू मात्र फार पुरातन आहे. इजिप्त आणि पश्चिम आशियात लाकडी कुलपे प्राचीन काळापासून वापरात होती आणि ती फार काळ टिकली. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात इजिप्तमधल्या अशा कुलपाचे वर्णन केले आहे. दाराला आडवा सरकणारा लाकडी अडसर. त्याच्या वरच्या ठोकळ्यात चार-पाच लोखंडी खुंट्या सैल बसवलेल्या. अडसर सरकवला की त्या आपल्याच वजनाने अडसराच्या भोकांत पडतात आणि दार बंद होते. किल्लीही लाकडी, तिच्या टोकाला तितकेच दात. किल्ली आत घालून वर उचलली की दात खुंट्यांना भोकांबाहेर ढकलतात आणि अडसर मोकळा होतो. ही कल्पना लक्षात ठेवू. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

रोमन लोकांनी कुलपे धातूची केली. त्यांच्या काही किल्ल्या इतक्या लहान असत, की त्या अंगठीसारख्या बोटात घालत. त्यानंतर युरोपात शतकानुशतके चालली ती अडथळ्यांची कुलपे. आत धातूच्या पट्ट्या उभ्या करायच्या आणि किल्लीला त्या चुकवणाऱ्या खाचा पाडायच्या. दिसायला नक्षीदार, पण अडथळे चुकवणारी एक बारीक किल्ली केली की अशी अनेक कुलपे उघडत.

खरा बदल केला तो इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनने, १७७८ साली. त्याने आत उचलल्या जाणाऱ्या तरफा, म्हणजे लिव्हर, अशा बसवल्या की त्या कमी उचलल्या तरी कुलूप अडते आणि जास्त उचलल्या तरी अडते. प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवर यायलाच हवा. आपल्याकडे कुलपावर '६ लिव्हर' असे कोरलेले असते, त्याचे मूळ हे. मुंबईत अर्देशर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपे बनवायला सुरुवात केली, तोवर ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी झाली होती.

बॅरनपाठोपाठ १७८४ मध्ये जोसेफ ब्रामाने वेगळ्या रचनेच्या कुलपाचे पेटंट घेतले. त्याची किल्ली नळीसारखी. टोकाला कमी-जास्त खोलीच्या खाचा. त्याच्या दुकानाच्या खिडकीत अठरा सरकत्या पट्ट्यांचे एक कुलूप ठेवलेले असे. ते जो उघडेल त्याला २०० गिनी इनाम, अशी पाटीही सोबत होती. हे कुलूप घडवणारा हेन्री मॉडस्ली तेव्हा विशीच्या आसपासचा तरुण होता. पुढे अचूक लेथ बनवण्यासाठी तो प्रसिद्ध झाला. १८१८ साली जेरेमाया चबने आणखी एक युक्ती केली. कुणी चुकीच्या हत्याराने एखादा लिव्हर जास्त उचलला, तर त्याचे कुलूप मुद्दामच अडून बसे. मालकाला खरी किल्ली लावताच कळे, की कुणीतरी हात घालून गेले आहे.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस उभारून मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. तिथे आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने चबचे कुलूप पंचवीस मिनिटांत, साक्षीदारांसमोर, किल्लीवाचून उघडले. नंतर तो ब्रामाच्या कुलपाकडे वळला. त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण ते कुलूपही उघडले. पंचांनी इनाम त्याला द्यायला लावले. इतके दिवस निवांत बसून काम करू देणारा घरमालक कुठल्या चोराला मिळणार, अशी तक्रार ब्रामाच्या पेढीने केली. त्यात तथ्य होतेच.

हॉब्जने हे केले कसे? इथे थोडे गणित करू. समजा पाच लिव्हर आहेत आणि प्रत्येकाच्या दहा संभाव्य उंची आहेत. तर एकूण जुळण्या १० × १० × १० × १० × १०, म्हणजे १,००,०००. एकेक करून पाहायच्या म्हटले तर माणूस थकून जाईल. पण कुठलेही यंत्र घडवताना भागांमध्ये केसभर फट ठेवावीच लागते, नाहीतर ते हलणार नाहीत. कारागीर ज्याला 'प्ले' म्हणतात, तीच ही फट. आणि पाचही भाग अगदी सारखे कधीच होत नाहीत. त्यामुळे अडसरावर हलका दाब दिला की सगळे लिव्हर एकदम अडत नाहीत. एकच आधी अडतो. तो हळूहळू उचलला की नेमक्या उंचीला सुटतो आणि भार दुसऱ्यावर जातो. म्हणजे प्रत्येक लिव्हर वेगळा सोडवता येतो: १० + १० + १० + १० + १०, फार तर पन्नास प्रयत्न. गुणाकाराची बेरीज झाली! कुलूप बनवणाऱ्यांची सगळी मदार गुणाकारावर होती, आणि त्या फटीने ती मोडली.

यावर लंडनमध्ये गदारोळ झाला. हे जाहीर करणे म्हणजे चोरांना शिकवणे, असे अनेकांचे म्हणणे. १८५३ साली कुलपांवर एक छोटा ग्रंथ निघाला. चार्ल्स टॉमलिन्सनने संपादित केलेल्या त्या ग्रंथाने उलट बाजू मांडली: चोरांना आपला धंदा आधीच ठाऊक असतो; अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. १८८३ मध्ये ऑग्युस्त केरखोफ्सने सांकेतिक लिपीबद्दल हेच तत्त्व मांडले. यंत्रणा शत्रूला कळली तरी चालावे. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आजच्या संगणकातली सांकेतिक व्यवहारपद्धतीही याच तत्त्वावर उभी आहे. आमचे मत टॉमलिन्सनच्या बाजूने आहे. वर्गात कुलूप उघडून दाखवायला कचरणाऱ्या शिक्षकांनी या वादाचा विचार जरूर करावा.

आता ती जुनी कल्पना पुन्हा भेटते. अमेरिकेत लायनस येल (धाकटा) याने १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांतून इजिप्तच्या खुंट्या लहान करून धातूच्या नळकांड्यात बसवल्या. वजनाऐवजी त्यांना स्प्रिंग लावली. प्रत्येक खुंटीचे दोन तुकडे केले. योग्य किल्ली घातली की सगळ्या जोडांच्या सीमा एका रेषेत, आतल्या नळकांड्याच्या कडेवर येतात आणि नळकांडे फिरते. आपल्या दारावरच्या लॅचची चपटी, करवती किल्ली ती हीच.

आता तक्रारी पाहू. पहिली चाचणी दार उघडे ठेवून करावी. उघड्या दारात किल्ली सहज फिरून जीभ आत-बाहेर होत असेल, तर कुलूप निर्दोष आहे. दोष दाराचा किंवा चौकटीचा. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून उभ्या फळ्यांचे दार पावसाळ्यात रुंद होते. जिभेला खडू चोळून दार लोटावे. चौकटीच्या पट्टीवर ठसा उमटतो. ठसा भोकाच्या खाली असेल तर दार झुकले आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळावेत. भोक मोठे झाले असेल तर त्यात सरस लावलेली लाकडी चिपटी ठोकून स्क्रू पुन्हा बसवावा. फरक किरकोळ असेल तर पट्टीचे भोक कानशीने थोडे वाढवले तरी पुरते.

उघड्या दारातही किल्ली फिरत नसेल, तर ती केसभर फट तपासायची. तिथे धूळ बसली की खुंट्या अडकतात. तेलाने ती चिकट होऊन आणखी जमते. खोबरेल तेल तर मुळीच घालू नये. साधारण २४ अंशांखाली ते गोठते आणि थंडीच्या सकाळी दार रुसते. शिसपेन्सिलीतले ग्राफाइट किल्लीच्या दातांवर चोळून ती चार-पाच वेळा आत-बाहेर करावी. एवढ्याने भागले नाही तर किल्लीकडे पाहावे. नकलेवरून नक्कल काढताना आधीच्या नकलेची चूक उतरतेच, वर नवी चूक मिळते. म्हणून नवी किल्ली नेहमी मूळ किल्लीवरून करून घ्यावी.

वर्गासाठी भंगारातून एखादे मोडके लॅच आणावे. मूळ किल्ली आणि नकलेची नक्कल एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरली, की दातांमधला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. लॅच खोलताना खाली मोठी परात ठेवावी, कारण स्प्रिंगा उडतात. खुंट्या उंचीप्रमाणे ओळीने मांडून मुलांना मोजू द्याव्यात. पाचांतली एक हमखास कुणाच्या तरी चपलेखाली सापडते.