कॅथलिक शाळा सप्ताह

कॅथलिक शाळा सप्ताह : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅथलिक शाळांचा वार्षिक उत्सव. जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी तो सुरू होतो आणि पुढच्या शनिवारी संपतो. १९७४ पासून तो पाळला जातो. राष्ट्रीय कॅथलिक शिक्षण संघटना (स्थापना १९०४, सेंट लुइस) आणि देशातील बिशपांची परिषद यांच्या वतीने तो जाहीर होतो. प्रत्यक्ष कार्यक्रम मात्र ज्या त्या शाळेने ठरवायचे. आपल्याकडचे स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ आणि पालकसभा एका आठवड्यात बसवली, तर त्याची साधारण कल्पना येईल. फरक एवढाच, की आपले गॅदरिंग शाळा मुलांसाठी व पालकांसाठी करते; तिथली शाळा हा सप्ताह शाळेत मूल नसलेल्यांसाठीही करते.

उत्सवासाठी निवडलेला काळ हवामानाच्या दृष्टीने वाईट आहे. उत्तरेकडील राज्यांत तेव्हा ऐन हिवाळा असतो. २०१९ च्या सप्ताहातील बुधवारी, ३० जानेवारीला, शिकागोचा पारा उणे ३० अंश सेल्सियसपर्यंत उतरला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पण धर्माच्या दिनदर्शिकेत हा काळ सोयीचा आहे. विद्यार्थ्यांचे आश्रयदाते मानले जाणारे संत थॉमस अक्वायनस यांचा स्मृतिदिन २८ जानेवारीला, तर रस्त्यावरच्या मुलांना शिकवणाऱ्या संत जॉन बॉस्को यांचा ३१ जानेवारीला येतो. सप्ताह थोडा पुढे सरकला, तर ३ फेब्रुवारीचा संत ब्लेझ यांचा दिवसही त्यात सापडतो. त्या दिवशी धर्मगुरू दोन मेणबत्त्या मुलांच्या गळ्याशी धरून घशाच्या आजारांपासून रक्षणाची प्रार्थना करतात. थंडीत खोकणाऱ्या वर्गाला हा विधी चांगलाच पटतो.

दिवसांची वाटणी सर्वत्र सारखी नाही, तरी रूढ क्रम असा : रविवार धर्मग्रामाचा (पॅरिशचा), सोमवार भोवतालच्या वस्तीचा, मंगळवार विद्यार्थ्यांचा, बुधवार राष्ट्राचा, गुरुवार धर्मसेवेला वाहून घेतलेल्यांचा, शुक्रवार शिक्षकांचा व स्वयंसेवकांचा, शनिवार कुटुंबांचा. रविवारच्या मिस्साला (उपासनेला) मुले गणवेशात येतात. शास्त्रवाचन, गायन, दारात उभे राहून स्वागत ही कामे त्या दिवशी त्यांच्याकडे असतात. मिस्सानंतर सभागृहात नाश्ता असतो आणि वर्गांची दारे सर्वांना उघडी असतात. भिंतींवर चित्रे, विज्ञानाचे प्रकल्प, निबंध लावलेले असतात. ज्यांची नातवंडेसुद्धा आता शाळेत नाहीत असे वृद्धही ते पाहून जातात. धर्मग्रामाच्या तिजोरीतून शाळेला पैसे जातात, ते कुठे जातात हे त्यांना त्या सकाळी दिसते.

सोमवारी मुले घरून डबाबंद अन्न, मोजे, टूथपेस्ट आणतात. ते गरजूंच्या अन्नकेंद्रात पोचवले जाते. काही वर्ग सैनिकांना वा वृद्धाश्रमातील लोकांना पत्रे लिहितात. मंगळवारचे आकर्षण म्हणजे गणवेशाला सुट्टी. उलटे कपडे, विजोड मोजे, पायजमा घालून वर्गात बसणे यांत मुलांना अपार आनंद वाटतो. एरवी चौकड्यांचा स्कर्ट गुडघ्याच्या किती वर आहे हे पाहणाऱ्या शाळेत हा आनंद समजण्यासारखा आहे. स्पेलिंगची स्पर्धा, प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन हेही याच सुमारास होते. शुक्रवारी आठवीची मुले विरुद्ध शिक्षक असा व्हॉलीबॉलचा किंवा बास्केटबॉलचा सामना अनेक शाळांत रंगतो. त्यात शिक्षक जिंकले तरी आरडाओरडा मुलांचाच. आठवी हा या प्राथमिक शाळांतला शेवटचा वर्ग. त्यामुळे त्यातल्या प्रत्येक मुलाला बालवाडीतला एक जोडीदार सांभाळायला दिलेला असतो आणि सप्ताहात ही जोडी मिस्साला शेजारी बसते. समूहजीवन या शब्दाचा अर्थ या शाळांत भाषणांपेक्षा या बाकावर अधिक कळतो.

सप्ताहात होणाऱ्या गुणगौरवाची परंपरा अर्थातच सप्ताहाहून फार जुनी आहे. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या १५९९ च्या ‘रेशियो स्टुडिओरम’ या शिक्षणसंहितेत बक्षिसांचे स्वतंत्र नियम आहेत. वरच्या वर्गासाठी लॅटिन व ग्रीक, गद्य व पद्य अशा आठ पारितोषिकांची तरतूद होती. परीक्षकांना लेखकाचे नाव कळू नये म्हणून उत्तरपत्रिकेवर केवळ खूण असे. निकाल मात्र थाटामाटात, भर सभेत पुकारला जाई. चढाओढीने मूल शिकते यावर जेझुइटांचा विश्वास होता. आजच्या अमेरिकी शाळेत ही चढाओढ बरीच सौम्य झाली आहे. गुणवंतांची यादी लागते, पण दयाळूपणा, मदत, प्रार्थनेतली शिस्त यांसाठीही प्रशस्तिपत्रे असतात आणि वर्षअखेरपर्यंत बहुतेकांच्या हाती काहीतरी पडते. हे बक्षिसाचे मोल कमी करणे आहे, असा आक्षेप घेता येईल. दोनशे मुलांच्या शाळेत मात्र एकदाही नाव न पुकारले गेलेले मूल लगेच उठून दिसते, हेही खरे.

सप्ताहाची गरज का भासली, हे समजायला थोडा इतिहास लागतो. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड, जर्मनी, पुढे इटली व पोलंड येथून आलेल्या कॅथलिकांना अमेरिकेतील सार्वजनिक शाळा प्रोटेस्टंट वळणाच्या वाटत. बायबलच्या कोणत्या भाषांतराचे वाचन करावे, यावरून १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली झाल्या. त्याआधीच धर्मभगिनी एलिझाबेथ ॲन सीटन यांनी १८१० मध्ये मेरीलंडमधील एमिट्सबर्ग येथे मुलींची मोफत शाळा काढली होती. १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेने प्रत्येक चर्चजवळ शाळा काढण्याचा आदेश दिला. स्थलांतरितांची नाणी आणि धर्मभगिनींचे जवळजवळ बिनपगारी श्रम यांवर हे जाळे उभे राहिले. सर्व मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे, असा कायदा ओरेगन राज्याने १९२२ मध्ये केला. धर्मभगिनींच्या एका संघाने त्याला आव्हान दिले आणि १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द ठरवला.

१९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुमारे १३,००० शाळांत ५२ लाख मुले होती. त्यानंतर उतार लागला. कॅथलिक कुटुंबे शहरांतून उपनगरांत गेली. धर्मभगिनींची संख्या घटली व पगारी शिक्षक नेमावे लागले. १९२० मध्ये दहातले नऊ शिक्षक धर्मव्रती होते. आज सुमारे ९७ टक्के सामान्य स्त्री-पुरुष आहेत. धार्मिक शाळांतील शिक्षकांच्या पगाराला राज्याने हातभार लावणे १९७१ मध्ये ‘लेमन विरुद्ध कुर्ट्झमन’ खटल्यात घटनाबाह्य ठरले. सप्ताह त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाला. दोन्हींत थेट कार्यकारणभाव असल्याचे सांगता येणार नाही, पण सनावळी शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होते : सरकारी पैसा येणार नव्हता, फुकट श्रम संपले होते, आता पालकांना व धर्मग्रामाला दरवर्षी पटवून द्यावे लागणार होते. सप्ताहाचा काळही पुढच्या वर्षाच्या प्रवेशांच्या तोंडावर येतो, आणि कौतुकाच्या फलकाशेजारी प्रवेशअर्जांचा गठ्ठा ठेवलेला असतो. यात ढोंग नाही. आपल्या मुलांचे कौतुक मनापासून करणारी शाळा पुढच्या वर्षी उघडायचीही असते.

भारतातील कॅथलिक शाळांत या सप्ताहाची तशी निकड नाही, याचे कारणही पैशाचेच. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला, शिवाय अनुदान देताना त्यांच्याशी भेदभाव करण्यास सरकारला मनाई केली. मुंबई, पुणे, वसईतील कित्येक कॅथलिक शाळा त्यामुळे अनुदानित राहिल्या. नामवंत शाळांत अडचण असते ती जागा भरण्याची नव्हे, नाकारण्याची. त्यांचे समूहजीवन शाळेच्या संताचा सण, निरनिराळ्या हाउसेसमधील क्रीडास्पर्धा व डिसेंबर-जानेवारीतले वार्षिक संमेलन यांभोवती फिरते. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोसारख्या, संत बॉस्को यांच्या सलेशियन संघाच्या शाळांत ३१ जानेवारी हा वर्षातला मोठा दिवस असतो. त्यात भाग घेणारी बरीच मुले ख्रिस्ती नसतात. अमेरिकेतही आता सुमारे पाचवा हिस्सा विद्यार्थी कॅथलिक नाहीत.

कॅनडातील ऑन्टारियोत कॅथलिक शाळांना सरकारी निधी मिळतो. तेथील कॅथलिक शिक्षण सप्ताह मे महिन्यात येतो. आयर्लंडमध्येही जानेवारीच्या अखेरीस असाच सप्ताह पाळतात.

अमेरिकेत सध्या ६,००० हून कमी कॅथलिक शाळा व सुमारे १७ लाख विद्यार्थी आहेत. करोनाच्या वर्षात, २०२०–२१ मध्ये, २०० हून अधिक शाळा बंद पडल्या किंवा दुसऱ्या शाळांत विलीन झाल्या. पुढच्या वर्षी पटसंख्या ३.८ टक्क्यांनी वाढली. पालकांना दुसरी शाळा शोधता यावी म्हणून शाळा बंद होत असल्याच्या घोषणा बहुधा हिवाळ्यात किंवा वसंताच्या सुरुवातीला केल्या जातात. त्यामुळे आपला हा सप्ताह शेवटचा होता, हे काही शाळांना तो संपल्यावर कळते.