अलक (केशरचना)

अलक म्हणजे कपाळावर व गालांवर रुळणाऱ्या कुरळ्या बटा. अमरकोशात त्यांना ‘चूर्णकुंतल’ हा पर्याय आहे. हा कुरळेपणा चूर्ण लावून मुद्दाम आणला जाई, असे त्यावरून दिसते. मेघदूतातील विरहिणी यक्षपत्नीचे अलक साध्या स्नानाने रूक्ष होऊन गालांवर लोंबतात, हा तपशील येथे बोलका ठरतो. (त्या काव्यातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे वा. वि. मिराशी यांचे मत होते.) वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील, म्हणजे इ.स. ५ व्या शतकातील अजिंठ्याच्या चित्रांतही अशा बटा दिसतात.

आधुनिक ‘क्रिंपिंग’मध्ये तापलेल्या नागमोडी पट्ट्यांत केस दाबतात. उष्णतेने केसांतील हायड्रोजन बंध तुटून नव्या आकारात जुळतात. पाणी लागताच केस पूर्ववत होतात.