'वाढले' आणि 'संपले'

बोरी हे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील गाव. ज्वारी हे या मुलखाचे परंपरागत अन्न. कणगी भरली की रिती राहिली, यावर घराचे वर्ष ठरे. अशा मुलखात 'संपले' हा शब्द सहजासहजी उच्चारला जात नसे. मीठ अथवा कुंकू सरले, तर ते 'वाढले' म्हणावयाचे. बांगडी फुटली, तरी ती 'वाढली'च. निरोप घेणाराही 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. अभावाचे नाव घेतले तर तो घरात ठाण मांडील, ही त्यामागील भीती.

बोलीतील इंग्रजीला ही भीती नाही. माल संपला की दुकानदार 'फ्रेश आउट' म्हणून मोकळा होतो. अमेरिकेतील उपाहारगृहांत तर संपलेल्या पदार्थासाठी 'एटी-सिक्स' हा नुसता आकडा पुरतो. उद्या माल येणार, हे तेथे गृहीतच असते. मोकळे शब्द आपल्याकडेही आहेत. परंतु खडखडाट, ठणठणाट या शब्दांतून रित्या भांड्याचा आवाज उमटतो.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने तो आवाज घरोघरी ऐकला. विहिरी आटल्या, पिके करपली. अमेरिकेचा लाल मिलो रेशनवर आला; खडी फोडणाऱ्या मजुरांच्या ओंजळीत सुकडी पडली. आता 'वाढले' म्हणून भागणार नव्हते. दाराआड झाकलेली भूक दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर आली. याच काळात राज्यात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. 'मागेल त्याला काम' हे तिचे सूत्र. म्हणजे गरज उघडपणे सांगणे हा कमीपणा न राहता हक्क ठरला.

काना गावच्या लग्नघरी द्राक्षारस संपला, तेव्हा यजमानाने कोणाकडे तोंड उघडल्याचे योहानाच्या शुभवर्तमानात नाही. मरियामातेने ती उणीव ओळखली आणि आडपडदा न ठेवता आपल्या पुत्राच्या कानी घातली. ते मागणे तिचे स्वतःसाठी नव्हते, दुसऱ्याच्या घरासाठी होते.

आपल्या घरचे मीठ खुशाल 'वाढले' म्हणावे. त्या शब्दात आशा आहे. शेजारची चूल मात्र पेटली नसेल, तर तेथे काय संपले आहे, ते आपणच स्पष्ट शब्दांत बोलले पाहिजे.