साखरेवरील जकात आणि तिचे मोजमाप

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या गोदीत वसाहतींतून आलेली साखर उतरली की, जकातीचे अंमलदार तिचा नमुना काढून ठरावीक प्रतींच्या नमुन्यांशी रंगाने ताडून पाहात, आणि साखर जितकी पांढरी व शुद्ध तितकी जकात अधिक, असा शिरस्ता असे. या शिरस्त्यामुळे वेस्ट इंडीजमधील मळेवाल्यांस नवी यंत्रे आणून स्वच्छ साखर काढण्यात फारसा लाभ उरला नाही. काळपट, ओलसर साखर तशीच जहाजात भरावी आणि शुद्धीकरणाचा नफा विलायतेतील कारखानदारांनी घ्यावा, अशी वहिवाट पडून गेली. कराचा दर किती, याची चर्चा सर्वत्र होते. परंतु तो कोणत्या मापाने आकारला जातो, यावर माल कसा घडेल हे ठरते, ही गोष्ट मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते.

जकातीच्या एका फेरफाराने माणसांची वस्तीही कशी हलते, याचे उदाहरण आपल्या कोकणास परके नाही. १८२५ साली मॉरिशसच्या साखरेवरील जादा जकात उठवून ती वेस्ट इंडीजच्या साखरेच्या बरोबरीस आणली गेली, तेव्हा त्या बेटावर उसाची लागवड झपाट्याने वाढली; आणि पुढे गुलामगिरी रद्द झाल्यावर त्या मळ्यांसाठी जे गिरमिटिये हिंदुस्थानातून नेण्यात आले, त्यांत रत्नागिरीकडील मराठी कुटुंबेही होती.

१८७४ साली ब्रिटनचे अर्थमंत्री नॉर्थकोट यांनी साखरेवरील जकात साफ माफ केली. साखर घातलेला चहा आणि पावावरचा मुरंबा हा इंग्रज मजुराचा नित्याचा आहार होऊन बसला, आणि शतकाच्या आरंभी माणशी सुमारे १८ पौंड असलेला वार्षिक खप शतकअखेर ८० पौंडांच्या वर गेला. म्हणूनच बोअर युद्धाच्या खर्चासाठी १९०१ साली हंड्रेडवेटमागे ४ शिलिंग २ पेन्स जकात पुन्हा बसली, तेव्हा पौंडामागे अर्ध्या पेनीहून कमी असलेला तो बोजा श्रीमंताच्या गणतीतही आला नाही. ज्या घरात चहा हेच दुपारचे अन्न होते, तेथे मात्र तो जाणवला. १९१६ मध्ये बाटलीबंद पेयांवर युद्धकर आला, तो १९२४ मध्ये गेला. १९६२ मध्ये अर्थमंत्री सेल्विन लॉइड यांनी मिठाई, आइसक्रीम आणि शीतपेये यांवर १५ टक्के खरेदीकर लावला. या साऱ्यांचा हेतू खजिना भरणे हाच होता.

२०१६ साली जाहीर होऊन ६ एप्रिल २०१८ पासून अमलात आलेल्या ब्रिटनच्या शीतपेयांवरील करात मात्र माप बदलले. आरंभी १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमहून कमी साखर असल्यास कर नव्हता, ५ ग्रॅमपासून लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅमपासून २४ पेन्स असा दर होता. आणि तयारीस दोन वर्षांची मुदत. कारखानदारांनी हिशेब मांडला आणि पाककृती बदलल्या. स्कॉटलंडच्या लाडक्या ‘आयर्न-ब्रू’तील साखर १०.३ ग्रॅमवरून ४.७ वर, म्हणजे करमाफीच्या उंबरठ्याच्या जेमतेम आत आणली गेली, तेव्हा जुन्या चवीच्या बाटल्यांचा साठा करून ठेवणारे लोकही निघाले. कोका-कोलाने आपली मूळ चव राखली आणि कर भरला. आरंभी वर्षाला ५२ कोटी पौंडांचा अंदाज होता; पहिल्या वर्षाचा वसूल सुमारे २४ कोटीच भरला, आणि वसुलातील ही तूट हेच त्या कराचे यश मानणे मला न्याय्य वाटते.

आपल्याकडे सप्टेंबर २०२५ पासून गोड वा स्वाद दिलेल्या वायुमिश्रित पेयांवर वस्तू व सेवा कराचा सरसकट ४० टक्के दर आहे. तो किमतीवर आकारला जातो आणि साखरविरहित पेयासही तितकाच लागू होतो. तेव्हा बाटलीतील साखर निम्मी करून किंमत तीच ठेवणाऱ्या कारखानदाराचा करापोटी एक पैसाही वाचत नाही.