घरी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म डेव्हलप करताय? आधी टेम्परेचर सांभाळा

फोनवर फोटो बिघडला तर डिलीट करून पुन्हा काढता येतो. फिल्मचं तसं नाही. रोलमधले ३६ फोटो एकदाच डेव्हलप होतात. तेव्हा झालेली चूक कायमची. म्हणूनच केमिकल ओतण्याआधी त्याचं टेम्परेचर मोजायचं.

टेम्परेचरने काय फरक पडतो?

डेव्हलपर फिल्मवरच्या प्रकाश पडलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या कणांची काळी चांदी बनवतो. द्रावण गरम असेल तर हे काम भराभर होतं, थंड असेल तर सावकाश. वेळ तीच ठेवली, तर गरम डेव्हलपरमध्ये निगेटिव्ह जास्त काळी होते आणि थंडमध्ये फिकी राहते. चार्टमधली वेळ साधारणपणे २० अंश सेल्सिअससाठी असते. इलफोर्डच्या हिशोबाने २० अंशांना ४ मिनिटं लागत असतील, तर २३ अंशांना ३ आणि १६ अंशांना ६ मिनिटं लागतात.

२० अंशच हवेत का?

नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी सहज ३० अंशांच्या आसपास असतं. ते २० वर आणून टिकवण्यापेक्षा २४ अंश ठरवा आणि वेळ कमी करा. अडचण एकच: वेळ ५ मिनिटांच्या खाली गेली, तर फिल्म एकसारखी डेव्हलप न होण्याचा धोका असतो. एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात; २४ ला ती जेमतेम ५ उरतात. त्याच डेव्हलपरमध्ये तितकंच पाणी मिसळलं, तर २० अंशांना १३ आणि २४ ला सुमारे ९ मिनिटं मिळतात. म्हणजे घाई नाही!

असं करा

१. ३० अंशांचा १५० मिली डेव्हलपर आणि १८ अंशांचं १५० मिली पाणी मिसळा. ३०० मिली द्रावण २४ अंशांवर येईल. पाणी थंड करायला फ्रीजमधलं पाणी वापरा.

२. बादलीत २४ अंशांचं पाणी भरून त्यात केमिकलच्या बाटल्या आणि डेव्हलपिंग टँक ठेवा. बादलीभर पाणी लवकर तापत नाही.

३. बर्फ हवा असेल तर पिशवीत बांधून बादलीत टाका. डेव्हलपरमध्ये टाकलात तर तो पातळ होईल.

४. स्टॉप बाथ, फिक्सर आणि धुण्याचं पाणीही २४ च्या जवळ ठेवा. अचानक मोठा फरक पडला तर फिल्मवरच्या जिलेटिनला सुरकुत्या पडू शकतात.

५. तापाचा काचेचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याची पट्टी साधारण ३५ पासून सुरू होते. ० ते ५० अंश दाखवणारा घ्या, आणि तो फक्त केमिकलसाठीच ठेवा.

शेवटचं: प्रत्येक रोलचं टेम्परेचर आणि वेळ फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. पुढचा रोल बिघडला, तर कुठे चुकलं ते लगेच सापडेल.