गाळ्याचे भाडे आणि ताब्याचा वाद

मुंबईत दुकानाच्या थकलेल्या भाड्यावरून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे दावे लढले गेले, त्यांत भाडे हे बहुधा निमित्त असे. खरा झगडा गाळ्याच्या ताब्याचा होता, आणि ताब्याची किंमत भाड्यापासून इतकी दूर कशी गेली हे पाहिल्याखेरीज त्या दाव्यांचा उलगडा होत नाही.

शहरातील जागाटंचाईमुळे १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नियंत्रण नव्या रूपात परत आले, आणि १९४७ साली संमत झालेला मुंबई भाडेनियंत्रण कायदा फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. मुळात तात्पुरता असलेला हा कायदा मुदतवाढ देत देत अर्धशतक चालला. राहत्या घरांबरोबर व्यापाराच्या जागांनाही त्याने संरक्षण दिले आणि प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे भाडे, साधारणपणे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवले. राहत्या खोलीच्या बाबतीत या गोठवणुकीमागची करुणा समजण्याजोगी होती. पण भर बाजारातील कापडाच्या किंवा सोन्याचांदीच्या दुकानालाही तीच सवलत मिळाली, आणि धंद्याची उलाढाल वाढत असताना गाळ्याचे भाडे मात्र जागचे हलेना.

ही तफावत पागडीने भरून काढली. भाडेहक्क मिळवण्यासाठी एकरकमी दिल्या जाणाऱ्या या रकमेवर कायद्याने बंदी होती आणि ती घेणे हा गुन्हा होता, तरी व्यवहार उघड गुपितासारखा चाले: जुना दुकानदार गाळा सोडताना नव्याकडून रक्कम घेई, तिच्यातला वाटा मालकाला जाई, आणि त्याबदली भाडेपावती नव्या नावाने फाटे. आता दरमहा येणारे क्षुल्लक भाडे मिळण्यापेक्षा ते थकण्यातच मालकाचे हित होते, कारण ताबा परत मिळण्याच्या मोजक्या वाटांपैकी थकबाकी ही एक वाट होती.

कायद्याचे कलम १२ या वाटेवर पहारा देई. भाडेकरू प्रमाण भाडे आणि अनुज्ञात वाढ देत असेल किंवा देण्यास तयार व राजी असेल, तोवर त्याला काढता येत नसे. सहा महिन्यांची किंवा अधिक थकबाकी असेल, भाडे महिन्याच्या हिशेबाने देय असेल, त्याच्या रकमेबद्दल तंटा नसेल आणि नोटीस मिळाल्यापासून महिनाभरात पैसे भरले गेले नसतील, तर मात्र न्यायालयाला ताब्याचा हुकूमनामा द्यावाच लागे. इतर प्रकरणांत सुनावणीच्या पहिल्या दिवशी सगळी बाकी भरून आणि पुढे दावा निकाली निघेपर्यंत नियमित भाडे भरून भाडेकरूला जागा वाचवता येई.

धोबीतलावाच्या लघुवाद न्यायालयातील पुष्कळसा युक्तिवाद या दोन शक्यतांमधील सीमारेषेवर चाले. मालकाचा मेहता भाडे घ्यायला येणे बंद करी, किंवा पावती देणे बंधनकारक असूनही ती देण्यास टाळाटाळ करी. सावध दुकानदार मग दरमहा मनीऑर्डर पाठवी, आणि 'घेण्यास नकार' असा पोस्टमनचा शेरा मारून ती परत आली की तिची पावती जपून ठेवी, कारण देण्याची तयारी सिद्ध करण्यास तिच्याइतका सोपा पुरावा नव्हता. मालमत्तेवरील कराचा वार्षिक हिस्सा भाडेकरूने देण्याचे ठरले असेल, तर भाडे 'महिन्याने देय' उरत नाही, असा मुद्दा वकील मांडत आणि काही खटल्यांत तो मान्यही झाला. अशा बारकाव्यावर एखाद्याचा पिढीजात धंदा तरला, ही कायद्याच्या कौतुकाची गोष्ट नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने पुढे ही जागा बरीच आवळली. प्रमाण भाड्याचा तंटा नोटिशीनंतर महिन्याच्या आत अर्ज करूनच उभा करता येतो, असे १९७६च्या हरबन्सलाल जगमोहनदास प्रकरणात ठरले, तर नियमित भरणा चुकल्यास भाडेकरूला सवलत देण्याचा विवेकाधिकार न्यायालयाला नाही, असे १९७८च्या गणपत लाधा प्रकरणात सांगितले गेले.

गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असा निर्वाळा डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात आला, परंतु कायद्याची मुदत संपत आल्याने त्या रद्द केल्या गेल्या नाहीत. त्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९, हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली, वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली, आणि बँका, सार्वजनिक उपक्रम व १ कोटी किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले. लहान दुकानदार आत राहिला. नोटिशीची मुदतही ९० दिवसांची झाली आणि दाव्याचे समन्स मिळाल्यावर आणखी ९० दिवसांत १५ टक्के सरळव्याजासह बाकी भरून ताबा टिकवण्याची सोय झाली. जुन्या गाळ्याचे भाडेच इतके तुटपुंजे की त्यावरचे व्याज दुकानदाराला जाचत नाही. म्हणून मालकांना आता थकबाकीपेक्षा पोटभाडेकरू ठेवणे, गाळा सहा महिने विनाकारण बंद ठेवणे किंवा स्वतःची वाजवी गरज या कारणांवर अधिक भिस्त ठेवावी लागते.